ऑझी स्मिथने अडवलेल्या धावा मोजायच्या कशा?

बॅरी बाँड्सने २००१ च्या एका हंगामात ७३ होम रन, म्हणजे थेट कुंपणापार फटके, मारले. ऑझी स्मिथने १९ हंगाम मिळून मारले २८. तरीही २००२ मध्ये, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, ९१.७ टक्के मतं घेऊन स्मिथ बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या दालनात, गेला. त्या वर्षी पत्रकारांच्या मतदानातून निवडून आलेला तो एकटाच होता.

बेसबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो गच्चीपार गेलेला चेंडू आणि रमतगमत फेरी मारणारा बॅटर. स्मिथची कमाई याच्या उलट टोकाची. त्याने धावा केल्या त्यापेक्षा होऊ दिल्या नाहीत म्हणून तो मोठा. पण न झालेली धाव धावफलकावर लागत नाही. मग मतदारांना ती दिसली कशी, आणि हिशोबनीसांनी ती मोजली कशी?

आधी मैदान समजून घेऊ. बेसबॉलचं मैदान साधारण पाव वर्तुळाच्या आकाराचं. कोपऱ्यात बॅटर उभा राहतो. तिथूनच ९० फूट बाजूचा एक चौकोन सुरू होतो आणि त्याच्या टोकांना बेस असतात. बॅटर चेंडू मारतो आणि उजवीकडच्या पहिल्या बेसकडे पळतो. पुढे दुसरा, तिसरा, आणि परत घरी पोचला की एक धाव. क्रिकेटहून मोठा फरक असा, की चेंडू हद्दीच्या आत मारला की पळावंच लागतं. 'राहू दे, नको' म्हणून क्रीझमध्ये उभं राहायची सोय नाही. आणि बॅटर पहिल्या बेसवर पोचायच्या आत चेंडू तिथल्या खेळाडूच्या हातात पडला, की बॅटर आऊट.

या चौकोनाभोवतीचे चौघे म्हणजे इनफिल्डर. त्यांतला दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा तो शॉर्टस्टॉप. स्मिथची जागा हीच. बहुतेक बॅटर उजव्या हाताने खेळणारे, त्यामुळे जोरात बॅट फिरवली की चेंडू ओढला जातो तो नेमका याच बाजूला. बॅटरला पहिला बेस गाठायला चार-साडेचार सेकंद लागतात. तेवढ्यात शॉर्टस्टॉपने चेंडूची दिशा ओळखायची, तिथवर पोचायचं, टप्पा जमवून चेंडू ग्लोव्हमध्ये घ्यायचा, उजव्या हातात काढायचा आणि लांबच्या पहिल्या बेसवर नेमका फेकायचा. यातलं काहीही एका श्वासाने उशिरा झालं की बॅटर सुखरूप. शिवाय पहिल्या बेसवर आधीच एखादा धावपटू उभा असेल तर एकाच चेंडूवर दोन बळी घेण्याची संधी असते, ज्याला डबल प्ले म्हणतात. तेव्हा शॉर्टस्टॉपला दुसऱ्या बेसवर येऊन, पायाशी घसरत येणाऱ्या धावपटूला चुकवत, उडी मारता मारता फेकावं लागतं.

आता माणूस. ऑझीचा जन्म २६ डिसेंबर १९५४ चा, अलाबामातल्या मोबील शहरातला. सहा भावंडांतला दुसरा. तो सहा वर्षांचा असताना बिऱ्हाड लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात हललं. १९६५ च्या ऑगस्टमध्ये तिथे दंगल उसळली, तेव्हा गोळ्या लागू नयेत म्हणून घरातली सगळी जमिनीवर झोपत असत. दहा वर्षांच्या पोराचा खेळ मात्र चालूच होता. घरासमोरच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर तो टेनिसचा चेंडू आपटायचा आणि परत आलेला झेलायचा. प्रत्येक फेकीनंतर थोडं पुढे सरकायचा, म्हणजे चेंडू परतायला लागणारा वेळ कमी होत जाईल. पुढे तो जगभर ज्यासाठी नावाजला गेला त्याची तालीम इथेच झाली. लाकडाच्या वखारीत पोरं टायरच्या ट्यूबवरून उसळून भुशाच्या ढिगात कोलांट्या मारायची, त्यातही हा पुढे. ही कोलांटी नंतर कामाला आली.

लॉक हायस्कूलच्या संघात त्याचा सोबती होता एडी मरे, जो पुढे स्वतः हॉल ऑफ फेममध्ये गेला. मरेवर सगळ्यांचे डोळे. स्मिथ बारीक, बुटका, त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. तो अभ्यासाच्या शिष्यवृत्तीवर कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पोच्या कॅल पॉली विद्यापीठात गेला आणि बेसबॉलच्या संघात स्वतःहून जाऊन उभा राहिला. तिथल्या मुख्य शॉर्टस्टॉपचा पाय मोडला म्हणून जागा रिकामी झाली. डाव्या बाजूने बॅटिंग करायलाही तो तिथेच शिकला. १९७६ मध्ये डेट्रॉइटने त्याला निवडलं, पण पैशांवरून जमलं नाही आणि तो कॉलेजात परतला. पुढच्या वर्षी सॅन दिएगो पाद्रेसने पाच हजार डॉलर हातावर ठेवून सही घेतली. बहुतेक खेळाडू खालच्या लीगमध्ये तीन-चार वर्षं घासतात. स्मिथ वाला वाला नावाच्या गावात ६८ सामने खेळला आणि ७ एप्रिल १९७८ ला थेट वरच्या लीगमध्ये मैदानात उतरला.

त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. २० एप्रिलला अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्ध जेफ बरोजने चेंडू मधोमध मारला. स्मिथने डावीकडे, दुसऱ्या बेसच्या मागे, सूर मारला. ग्लोव्ह असलेला डावा हात पुढे ताणलेला, अंग हवेत आडवं. आणि नेमका तेव्हाच टप्पा बिघडला. चेंडू उसळून उलट्या दिशेला, अंगाच्या मागे निघाला. डावीकडे झेपावलेल्या माणसाने उजवा उघडा हात मागे टाकला आणि चेंडू पकडला. मग जमिनीवर आपटला, त्याच धक्क्यात उठला, पहिल्या बेसवर फेकला. बरोज आऊट. आजही या खेळीची चित्रफीत बघितली की हात कधी मागे गेला हे पहिल्यांदा कळतच नाही. थांबवून थांबवून बघावी लागते.

आता स्कोअरबुकात याची नोंद काय? चेंडू फेकून बळी मिळवून देणाऱ्याला एक 'असिस्ट', पहिल्या बेसवर झेलणाऱ्याला एक 'पुटआऊट'. अगदी सरळ, हळू, पायाशी आलेल्या चेंडूलाही हीच नोंद. वहीत दोन्ही सारखेच.

फिल्डिंग मोजायची जुनी रीत म्हणजे फिल्डिंग टक्केवारी. हाताशी आलेल्या चेंडूंपैकी किती नीट हाताळले आणि किती चुका केल्या, एवढाच हिशोब. ऐकायला ठीक वाटतं, पण त्यात एक मोठी गोम आहे. चूक नोंदवली जाते ती चेंडूपर्यंत पोचलेल्या माणसाच्या नावावर. जो पोचलाच नाही, त्याच्या बाजूने चेंडू निघून गेला, तर ती बॅटरची कमाई धरतात आणि फिल्डरची पाटी कोरी राहते. म्हणजे चार पावलांत जेवढं येईल तेवढंच उचलणारा जपून खेळणारा माणूस कागदावर हुशार ठरतो, आणि दहा पावलं धावून अशक्य चेंडू गाठणारा, त्यात कधीतरी गडबडणारा, वेंधळा दिसतो.

मुंबईच्या एकनाथ सोलकरची आठवण इथे येतेच. वडील हिंदू जिमखान्याचे माळी, घर मैदानातच. २७ कसोटींत ५३ झेल, त्यांतले बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय. १९७१ च्या ओव्हल कसोटीत वेंकटराघवनच्या चेंडूवर त्याने टिपलेला अॅलन नॉटचा झेल अजून सांगितला जातो. पण त्याच्या भीतीने ज्या बॅटरांनी बॅट-पॅड धोका टाळायला वेगळे फटके शोधले आणि भलतीकडेच बाद झाले, ते बळी सोलकरच्या खात्यात कुठे आहेत? ५३ हा आकडा त्याच्या कामाचा एक तुकडा सांगतो.

१९७० च्या दशकात कॅन्सासमध्ये बिल जेम्स नावाचा एक माणूस डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. रिकाम्या वेळात तो बेसबॉलचे आकडे चाळायचा. त्याने साधा प्रश्न विचारला: चुका किती केल्या हे सोडा, दर सामन्याला या माणसाने किती बळी मिळवून दिले? पुटआऊट अधिक असिस्ट, भागिले सामने. याला त्याने 'रेंज फॅक्टर' म्हटलं. हे माप लावलं आणि स्मिथ एकदम उठून दिसला. १९८० च्या हंगामात त्याने ६२१ असिस्ट केले. १९२४ पासून टिकून असलेला ६०१ चा विक्रम मोडला आणि शॉर्टस्टॉपसाठी ६२१ हा आकडा आजही कायम आहे. त्या वर्षीचा त्याचा रेंज फॅक्टर पावणेसहाच्या आसपास, तर इतर शॉर्टस्टॉप साधारण सव्वाचारच्या घरात. म्हणजे दर सामन्याला जवळपास दीड बळी जास्त! त्या वर्षी त्याच्या २४ चुकाही झाल्या. जुन्या मापाने बघणाऱ्याला फक्त त्याच दिसल्या असत्या.

अर्थात रेंज फॅक्टरही निर्दोष नाही. संघाचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, जमिनीलगतचे फटके मारायला लावणारे असतील तर शॉर्टस्टॉपला आयतं काम जास्त मिळतं. पण दीड बळींचा फरक एवढ्याने भरून निघत नाही. पुढे तो सेंट लुइस कार्डिनल्स संघात गेला; तिथल्या मैदानावरच्या कृत्रिम गवताने त्याला मोठं केलं असं म्हणणारेही आहेत. त्यांच्यासाठी एवढंच, की ६२१ चा विक्रम सॅन दिएगोच्या खऱ्या गवतावर झाला. त्याच वर्षी त्याला पहिला गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे आपल्या जागेवरच्या सर्वोत्तम फिल्डिंगचा पुरस्कार, मिळाला आणि पुढे १९९२ पर्यंत ओळीने १३ वर्षं तो दुसऱ्या कोणाकडे गेला नाही.

सॅन दिएगोत मात्र त्याची किंमत पैशांत कोणी लावेना. बॅटिंग खरोखरच वाईट होती. १९७९ मध्ये सरासरी .२११, म्हणजे शंभरात एकवीस वेळा जेमतेम यश. १९८० च्या हंगामाआधी पगाराचा वाद चिघळला. त्याच्या एजंटने तिथल्या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली, की पाद्रेसच्या खेळाडूला मिळकतीला हातभार म्हणून अर्धवेळ नोकरी हवी आहे. संघाचे मालक होते मॅकडोनाल्ड्सवाले रे क्रॉक. त्यांच्या पत्नी जोन क्रॉक यांनी जाहीरपणे उत्तर दिलं: आमच्या बंगल्यावर माळ्याचा मदतनीस म्हणून या. नातं तिथून सुधारायची शक्यताच नव्हती.

सेंट लुइस कार्डिनल्सचे मॅनेजर व्हायटी हर्झॉग वेगळाच हिशोब मांडून बसले होते. त्यांचा शॉर्टस्टॉप गॅरी टेम्पलटन बॅटिंगला कितीतरी सरस, पण त्याने घरच्या प्रेक्षकांकडे बघून अश्लील हातवारे केले होते. हर्झॉग स्वतः सॅन दिएगोला गेले आणि स्मिथला सांगितलं की तू आलास तर आपण जिंकू. स्मिथच्या करारात अदलाबदलीला नकार देण्याची मुभा होती, म्हणून ही मनधरणी. फेब्रुवारी १९८२ मध्ये सौदा पक्का झाला.

कार्डिनल्सचं घरचं मैदान मोठं, कुंपण लांब, खाली कृत्रिम गवत. अशा ठिकाणी होम रन मारणारे धटिंगण गोळा करण्यापेक्षा पळणारे आणि अडवणारे गोळा करावेत, हा हर्झॉग यांचा खाक्या. लोक त्याला 'व्हायटीबॉल' म्हणू लागले. १९८२ मध्ये कार्डिनल्सने अख्ख्या हंगामात ६७ होम रन मारले, सगळ्या संघांत सर्वांत कमी. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत, समोर होता मिलवॉकी ब्रुअर्स, ज्यांनी त्याच वर्षी २१६ मारले होते. सात सामन्यांनंतर जिंकले कार्डिनल्स.

स्मिथच्या बॅटिंगवरही हर्झॉग यांनी एक गमतीदार इलाज केला. तू चेंडू उंच मारलास की मला एक डॉलर द्यायचा, जमिनीवरून मारलास की मी तुला देणार. ताकद कमी असलेल्या माणसाचा उंच फटका आरामात झेलला जातो. जमिनीवरून मारला तर पायांच्या जोरावर काहीतरी हाती लागतं. हंगामाअखेर हर्झॉग यांच्या खिशातून तीनेकशे डॉलर गेले. त्यांना ते स्वस्तच पडले असणार.

हळूहळू सरासरी वर सरकली. १९८५ मध्ये चार वर्षांसाठी ८७ लाख डॉलरचा करार झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या, नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा पाचवा सामना, लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध. मालिका २-२, सामनाही २-२, शेवटचा डाव. पिचर टॉम नीडेनफ्युअर, आणि स्मिथ डाव्या बाजूने बॅटिंगला. कारकिर्दीत डावीकडून ३,००९ वेळा खेळून त्याने एकही होम रन मारला नव्हता. आणि चेंडू उजव्या कुंपणावरून गेला. रेडिओवर समालोचक जॅक बक लोकांना सांगत सुटले की वेडे व्हा! सेंट लुइसमध्ये आजही ती ध्वनिफीत लोकांना तोंडपाठ आहे. त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू स्मिथच ठरला, सरासरी .४३५. वर्ल्ड सिरीज मात्र कॅन्सास सिटीने नेली.

या आनंदात एक गोष्ट कोणाला माहीत नव्हती. त्याच जुलैमध्ये त्याच्या उजव्या खांद्याच्या स्नायूला दुखापत झाली होती. फेकणारा खांदा! शॉर्टस्टॉपसाठी ही बातमी बाहेर फुटली तर प्रत्येक धावपटू एक पाऊल जास्त धाडस करणार, म्हणून त्याने ती लपवली. शस्त्रक्रिया टाळली, व्यायामाने ताकद वाढवली, आणि चेंडू फेकणं सोडून शक्य ती सगळी कामं डाव्या हाताने करू लागला. १९७८ पासून घरच्या प्रेक्षकांसमोर मागे कोलांटी मारत मैदानात येणं ही त्याची ओळख झाली होती. १९८६ च्या पहिल्या घरच्या सामन्याला ती कोलांटी मारली त्याच्या चार वर्षांच्या मुलाने. प्रेक्षक कौतुकाने टाळ्या वाजवत राहिले, कारण वेगळं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्याच दुखऱ्या खांद्याने पुढे सात गोल्ड ग्लोव्ह घेतले. १९९१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, अख्ख्या हंगामात फक्त आठ चुका. आणि १९८७ मध्ये बॅटनेही बहार आणली: सरासरी .३०३, ७५ धावा घरी आणल्या, ४३ बेस चोरले, म्हणजे फटका न बसताच पळून पुढचा बेस गाठला. होम रन शून्य. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो दुसरा आला. पहिला शिकागो कब्जचा आंद्रे डॉसन, ४९ होम रनवाला. कब्ज त्या वर्षी गटात तळाला होते आणि कार्डिनल्स वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले होते. मला विचाराल तर तो पुरस्कार चुकीच्या घरी गेला.

आजचे हिशोबनीस काय म्हणतात? २०१५ पासून प्रमुख लीगच्या सगळ्या मैदानांवर हालचाली टिपणारी यंत्रणा बसली आहे. चेंडू किती वेगाने गेला, फिल्डर किती अंतरावर होता, सगळं नोंदलं जातं. स्मिथच्या काळात हे नव्हतं. त्यामुळे त्याचं मूल्य जुन्या सामन्यांच्या चेंडूगणिक नोंदींवरून काढलेलं आहे: कुठल्या बाजूला किती चेंडू गेले, सरासरी शॉर्टस्टॉपने किती बळी घेतले असते, याने किती घेतले. त्या फरकाच्या धावा केल्या की कारकिर्दीत जवळपास २४० धावा वाचवल्या असं उत्तर येतं, हंगामाला बारा-तेरा. साधारण दहा धावा म्हणजे एक विजय, असा ठोकताळा आहे. त्यात शॉर्टस्टॉपची जागाच अवघड म्हणून मिळणारी भर घातली की निव्वळ फिल्डिंगमधून सुमारे ४४ विजय होतात. इतिहासात यापेक्षा मोठा आकडा कोणाचाच नाही. बॅटिंग आणि पळणं धरून एकूण आकडा ७७ च्या आसपास. ५८३ होम रन मारणारा मार्क मॅग्वायर याच मापाने ६२ वर थांबतो.

हे आकडे मी थोडे हातचे राखूनच घेतो, कारण पाया अंदाजाचा आहे. पण निम्मे जरी खरे धरले तरी चित्र फारसं बदलत नाही.

शेवट कडू झाला. १९९६ मध्ये नवे मॅनेजर टोनी ला रुसा आले, सोबत तरुण शॉर्टस्टॉप रॉइस क्लेटन. जागा खुल्या स्पर्धेतून ठरेल असं सांगितलं गेलं होतं. सराव शिबिरात आपण सरस ठरलो असं स्मिथचं म्हणणं, पण खेळवलं जास्त क्लेटनला. १९ जूनला त्याने निवृत्ती जाहीर केली. त्या हंगामात ८२ सामन्यांत त्याची सरासरी होती .२८२, क्लेटनपेक्षा थोडी जास्तच. ला रुसा असेपर्यंत तो कार्डिनल्सपासून दूरच राहिला. ते गेल्यावर २०१२ मध्ये सराव शिबिरात तरुणांना शिकवायला परत आला.

राहता राहिला मतदारांचा प्रश्न. बॉल्टिमोर ओरिओल्सचा शॉर्टस्टॉप मार्क बेलँजर याने आठ गोल्ड ग्लोव्ह घेतले, आणि वाचवलेल्या धावांच्या याच हिशोबात तो स्मिथच्या बरोबरीला आहे, कदाचित एखाद-दुसऱ्या धावेने पुढेच. १९८८ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी त्याला चार टक्केही मतं पडली नाहीत आणि नाव यादीतून कायमचं गेलं. दोघांत फरक बॅटचा आणि पायांचा. बेलँजरची कारकिर्दीची सरासरी .२२८, स्मिथची .२६२, वर २,४६० हिट्स, ५८० चोरलेले बेस आणि स्वतः बाद झालेल्या स्ट्राइकआऊटपेक्षा जवळपास दुप्पट वॉक, म्हणजे चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळवलेला पहिला बेस. हे सगळं खरं आहे. पण बेलँजरने कधी कोलांटी मारली नव्हती, त्याचा होम रन रेडिओवर कोणी वाजवत नव्हतं, आणि त्याला कोणी स्मिथसारखं 'विझर्ड', म्हणजे जादूगार, म्हणत नव्हतं. ९१ आणि ४ मधलं सगळंच अंतर बॅटिंगने भरून निघतं, असं मला वाटत नाही.